दिव्यांगांच्या गाडीवर माणूस ठेवताना: चारित्र्य पडताळणी कशी करायची

विशेष शाळेची व्हॅन असो, डायलिसिसला नेणारी व्हीलचेअरची गाडी असो की संरक्षित कार्यशाळेत (दिव्यांगांना जमेल तसं काम देणाऱ्या केंद्रात) जाणाऱ्या मोठ्या मुलांची टेम्पो ट्रॅव्हलर, अशी सेवा सुरू करायची म्हटली की सगळा वेळ गाडीत जातो. रॅम्प कुठून बसवायचा, खुर्ची बांधायचे पट्टे कोणते घ्यायचे, परमिट कसलं लागेल. ड्रायव्हरचा विषय मात्र ‘ओळखीतला आहे, चांगला आहे’ या एका वाक्यावर मिटतो. हा लेख त्या वाक्याच्या पुढचं काम सांगण्यासाठी आहे. तुम्ही नव्याने गाडी घातली असेल, संस्थेत वाहतुकीचं काम तुमच्याकडे आलं असेल किंवा पालक म्हणून चार जणांत मिळून व्हॅन ठरवत असाल, तर हे तुमच्याच कामाचं आहे. नियम आणि पोर्टल महाराष्ट्रातले धरून लिहिलं आहे.

नेहमीच्या रिक्षातल्या माणसाला ड्रायव्हरचं वागणं खटकलं तर तो सिग्नलला उतरून जातो. आपल्या गाडीतला प्रवासी उतरू शकत नाही. त्याला उचलून बसवावं लागतं, छातीवरून आणि मांडीवरून पट्टा ओढून बांधावा लागतो, कधी कपडे नीट करावे लागतात. म्हणजे स्पर्श हा या कामाचाच भाग आहे. प्रवाशाला बोलता येत नसेल, दिसत नसेल किंवा काय घडलं ते क्रमाने सांगता येत नसेल, तर चुकीचा स्पर्श कोणता झाला हे कोणालाच कळत नाही. सांगितलं तरी ‘तिला काही कळत नाही, ती काहीही बोलते’ असं म्हणून विषय संपवणारे घराघरांत आहेत. शिवाय कोणत्या घरात दुपारी कोण एकटं असतं, हे या माणसाला वेळापत्रकासकट माहीत असतं.

कायद्यानेही हा धोका वेगळा मोजला आहे. बालकाच्या शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक हल्ला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा २०१२, यानुसार गंभीर प्रकारात मोडतो आणि त्याला जास्त शिक्षा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचारांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. त्यात एखाद्याचं सहायक साधन मुद्दाम मोडणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणंही येतं. चिडून व्हीलचेअर आपटणारा ड्रायव्हर, श्रवणयंत्र काढून घेणारा अटेंडंट यांचं वागणं नुसता ‘तापट स्वभाव’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, ते यामुळे.

आधी यादी: कोणाकोणाची पडताळणी

ड्रायव्हरपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. गाडीवरची मावशी किंवा मदतनीस, बदली ड्रायव्हर, बदली मावशी, गाडीचा मालक (तो स्वतः अधूनमधून चालवत असेल तर नक्कीच) आणि फोनवर पत्ते आणि वेळा सांभाळणारा माणूस. हा शेवटचा माणूस गाडीत कधीच बसत नाही म्हणून यादीतून सुटतो. पण सगळ्या प्रवाशांची घरं, आजार आणि एकटं असण्याच्या वेळा त्याच्याच वहीत असतात.

सगळ्यात जास्त गफलत बदलीत होते. नेहमीच्या ड्रायव्हरची फाइल व्यवस्थित असते. एक दिवस त्याच्या घरी काही निघतं आणि तो आपल्या मेव्हण्याला पाठवतो. मेव्हणा भला असेलही, पण त्याची फाइल नसते. म्हणून सेवा सुरू करायच्या दिवशीच प्रत्येक गाडीमागे एक तरी बदली माणूस पूर्ण पडताळणी करून तयार ठेवा. तोही नसेल तर त्या दिवशी गाडी जाणार नाही, असं पालकांना आधीच लेखी सांगून ठेवा. पालक पहिल्यांदा कुरकुर करतात. कारण सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात.

मुलांची वाहतूक असेल तर ही पडताळणी तुमच्या मर्जीवर राहत नाही. पोक्सो नियम २०२० प्रमाणे मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संपर्क असणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळाने करायची असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाला तेव्हा आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे’ हे उत्तर तेव्हाही कुणाला पटलं नाही. शाळेच्या बससाठी महाराष्ट्राचे २०११ चे वेगळे नियम आहेत. गाडीवर सहायक आणि शाळेत परिवहन समिती त्यातच सांगितली आहे. विशेष शाळेची व्हॅन चालवणार असाल तर शाळेच्या परिवहन समितीत ड्रायव्हरची कागदपत्रं मांडा आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्या.

प्रौढ दिव्यांगांच्या वाहतुकीसाठी नियम इतके बांधून दिलेले नाहीत. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, मुलांसाठी जी पडताळणी कराल तीच मोठ्यांसाठीही करा. चाळिशीतल्या सेरेब्रल पाल्सीच्या बाईला आठ वर्षांच्या मुलीपेक्षा कमी धोका आहे, असं समजायला काहीच आधार नाही.

अर्जात काय विचारायचं

साधा छापील अर्ज करा आणि माणूस समोर बसवून भरून घ्या. आधारवरचं नाव, लायसनवरचं नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, तिन्ही वेगवेगळी लिहून घ्या. पुष्कळदा ती जुळत नाहीत आणि पुढे कोर्टाच्या नोंदी शोधताना याच फरकाचा उपयोग होतो. गावात ज्या नावाने ओळखतात ते नावही विचारा. मागच्या दहा वर्षांत जिथे जिथे राहिला ते सगळे पत्ते घ्या, गावाकडचा मूळ पत्ता धरून. जिथे जिथे गाडी चालवली त्या मालकांची नावं आणि सोडण्याचं कारणही घ्या.

गुन्ह्याचा प्रश्न एकच ठेवू नका. ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?’ असं विचारलं की खटला चालू असलेला माणूसही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. चार प्रश्न वेगळे विचारा: कधी गुन्हा नोंदला गेला आहे का, कधी अटक झाली आहे का, सध्या कोणता खटला चालू आहे का, कधी शिक्षा झाली आहे का. उत्तर ‘हो’ आलं तर खाली दोन ओळी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढे जी नोंद सापडेल ती या ओळींशी ताडून पाहता येते. जुनं प्रकरण आपणहून सांगणारा माणूस आणि तेच लपवणारा माणूस, दोघांची नोंद एकच असली तरी मी दोघांना एका मापाने मोजत नाही.

अर्जाखाली संमती घ्या: कोणती माहिती, कुठून, कशासाठी तपासणार आणि ती कोण पाहणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे. आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली घ्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तशी उतरवता येते. आणि ही कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक गटावर टाकू नका. ड्रायव्हरच्या घरच्या पत्त्याचीही काही किंमत असते.

लायसन, बॅज आणि चलन

परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन चालू आहे का, कोणत्या वर्गाचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे हे दिसतं. हे काम तुम्ही स्वतः करा. उमेदवाराने मोबाइलवर दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं प्रवासी वाहनही चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. त्यामुळे लायसन खरं निघालं म्हणजे या माणसाची पोलिसांनी कधीतरी चौकशी केलीच असेल, असं धरू नका. बॅजधारकाची (प्रवासी वाहन चालवण्यासाठी परिवहन खात्याचा बिल्ला असलेल्याची) बॅजच्या वेळी पोलीस पडताळणी झालेली असते, पण ती त्या वर्षाची. बॅज दहा वर्षांपूर्वीचा असेल तर मधली दहा वर्षं कोरीच समजा.

ई-चलनाच्या पोर्टलवर वाहतूक नियमभंगाची चलनं पाहता येतात. किती चालतील? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या शाळांच्या बससाठी घालून दिलेली मोजपट्टी मला अजून उपयोगी वाटते: सिग्नल तोडणं, लेन मोडणं अशा गोष्टींसाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलन झालेला ड्रायव्हर नको, अतिवेग, दारू पिऊन किंवा धोकादायक गाडी चालवणं यासाठी एकदाही झालेला नको. आपल्या प्रवाशाची मान सावरलेली नसते, अचानक ब्रेक लागला तर हात पुढे टेकवता येत नाही, हे डोळ्यांपुढे ठेवलं की ही मोजपट्टी कडक वाटत नाही.

गाडीची नंबरप्लेट पांढरी असेल आणि भाडं घेतलं जात असेल तर तिथेच थांबा. खासगी नोंदणीच्या गाडीवर भाडं घेणं नियमबाह्य आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र

महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो. अर्ज माणसाने स्वतःच्या नावाने करायचा; तुम्ही संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं की अमुक व्यक्तीला अमुक कामासाठी प्रमाणपत्र हवं आहे. पत्रात नुसतं ‘नोकरीसाठी’ लिहू नका. ‘दिव्यांग मुलांच्या वाहतुकीच्या गाडीवर चालक म्हणून’ असं स्पष्ट लिहा. पडताळणी करणाऱ्या हवालदाराला काम कळलं की तो वस्तीत विचारतानाही तसं विचारतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि वयाचा पुरावा लागतो. भाड्याने राहत असेल तर भाडेकरार तयार ठेवायला सांगा. फी तिथेच ऑनलाइन भरायची. नंतर स्थानिक ठाण्यातून बोलावणं येतं, कधी कर्मचारी घरी येतात. ड्रायव्हर मंडळी इथेच कंटाळतात, कारण ठाण्यात जायचं म्हणजे एका दिवसाचा रोज बुडतो. तो रोज तुम्ही द्या. पडताळणी तुमच्या कामासाठी आहे, तिचा खर्च त्याच्या खिशातून जायला नको.

पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळं. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. कुणी जुनं तसलं पान आणून दिलं तर ते धरू नका.

प्रमाणपत्र हातात आलं की सावकाश वाचा. मुद्द्याची ओळ साधारण अशी असते, की अमुक पत्त्यावर राहणाऱ्या अमुक व्यक्तीविरुद्ध या कार्यालयाच्या अभिलेखावर आजअखेर गुन्हा दाखल असल्याचं आढळून येत नाही. यातले तीन तुकडे बोट ठेवून वाचा. ‘अमुक पत्त्यावर’: तो पत्ता आताचा आहे की गावचा? ‘या कार्यालयाच्या’: कोणतं कार्यालय? पुणे शहर आयुक्तालय, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगवेगळी पोलीस दलं आहेत. भोसरीत राहून हडपसरला काम केलेल्या आणि मूळच्या परभणीच्या माणसाचं एकच प्रमाणपत्र आलं, तर ते कोणत्या हद्दीचं बोलतं ते बघा. ‘आजअखेर’: तारीख कोणती? सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक यंत्रणेमुळे देशातली ठाणी एका जाळ्यात आली आहेत हे खरं, पण कागद ज्या हद्दीचं सांगतो तेवढंच तुम्हाला कळलं असं धरा. माणूस दोन-तीन वर्षांपूर्वीच शहरात आला असेल तर मूळ जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाचं प्रमाणपत्रही मागवा. परराज्यातला असेल तर त्या राज्याच्या पोलिसांच्या पोर्टलवरून.

प्रमाणपत्र यायला उशीर होतो तेव्हा मोह होतो की अर्जाची पावती घेऊन गाडी सुरू करू, प्रमाणपत्र मागून येईलच. असं करू नका. तोवर त्याला गॅरेजचं काम, रिकाम्या गाडीने रस्ते पाहणं, पट्टे बांधण्याचं शिक्षण एवढंच द्या.

पुष्कळ पालक विचारतात, लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी कुठे पाहता येते? अशी राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. ‘आम्ही तुम्हाला त्या यादीत शोधून देतो’ असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

कोर्टाच्या नोंदी

हे काम घरबसल्या, फुकट आणि तासाभरात होतं, तरी फार थोडे लोक करतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, मग पक्षकाराच्या नावाने शोध घ्यायचा. नाव, वर्ष, आणि प्रकरण प्रलंबित की निकाली. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ दोन्ही बघा. वर्ष एकेक करून टाकावं लागतं, म्हणून वेळ जातो. जिथे जिथे तो राहिला त्या प्रत्येक जिल्ह्यात हे करा.

खरी अडचण स्पेलिंगची. नोंदी बहुतेक इंग्रजी अक्षरांत असतात आणि आपली नावं इंग्रजीत कशीही लिहिली जातात. गायकवाडमध्ये ‘क’च्या पुढे एक ए कधी असतो, कधी नसतो. दत्तात्रय, ज्ञानेश्वर यांची तर पाच-सहा रूपं सापडतात. शिवाय कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. पूर्ण नाव टाकून ‘नोंद नाही’ आलं की समाधान मानू नका. आडनावाची पहिली चार अक्षरं टाका आणि आलेली यादी डोळ्यांनी चाळा. अर्जात घेतलेली तिन्ही नावं आणि गावातलं नाव इथे कामाला येतात.

नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असंही नाही. एकाच तालुक्यात एकाच नावाचे अनेक जण असतात. प्रकरणात पोलीस ठाणं आणि गुन्हा नोंदणी क्रमांक दिलेला असतो. तो पत्त्याशी आणि वयाशी जुळतो का बघा आणि मग थेट त्या माणसालाच विचारा. नावसाधर्म्यावरून कुणाच्या तोंडचा घास काढून घेणं हा मोठा अन्याय आहे.

कलमं वाचताना एक भान ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. जुन्या प्रकरणात ३५४ दिसलं तर तो विनयभंग, नव्यात तोच ७४. जुनं ३७६ म्हणजे बलात्कार, नव्यात ६४. बेदरकार गाडी चालवणं जुन्यात २७९, नव्यात २८१. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. ते बदललेलं नाही आणि आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

पडताळणी करून देणाऱ्या खासगी एजन्सीही आहेत. मोठी संस्था असेल तर त्यांची मदत घ्या, पण अहवालात ‘क्लिअर’ लिहिलेलं पाहून थांबू नका. कोणत्या जिल्ह्यांत शोधलं, कोणत्या स्पेलिंगने शोधलं, घरी कोण गेलं होतं, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाया गेले समजा.

जुन्या मालकाशी बोलणं

मला विचाराल तर सगळ्या पडताळणीत हीच पायरी सर्वांत जास्त सांगून जाते. दिव्यांगांशी होणाऱ्या गैरवर्तनाचा बराचसा भाग पोलीस ठाण्यापर्यंत पोचतच नाही. पालक गाडी बदलतात, संस्था ड्रायव्हरला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगते, आणि तो दुसऱ्या संस्थेच्या दारात कोऱ्या नोंदीसह उभा राहतो. पोलिसांच्या कागदावर यातलं काहीच नसतं. ते जुन्या मालकाच्या, जुन्या मावशीच्या आणि जुन्या पालकांच्या डोक्यात असतं.

उमेदवाराने दिलेल्या नंबरवरच बोलू नका. संस्थेचा कार्यालयीन नंबर शोधून त्यावर करा. किमान दोन जुन्या ठिकाणी विचारा आणि त्यातलं एक शेवटचं असू द्या. ‘माणूस कसा आहे?’ या प्रश्नाला ‘चांगला आहे’ हेच उत्तर येतं, त्यातून काही हाती लागत नाही. असं विचारा:

- त्याने काम सोडलं की तुम्ही सोडायला सांगितलं? त्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं?
- कोणत्या प्रवाशाला किंवा पालकांना त्याच्याबद्दल काही सांगायचं होतं का? तोंडी सांगितलं असेल तरी?
- मूल ओरडत असेल, चावत असेल, गाडीत शी-शू झाली असेल तेव्हा तो काय करायचा?
- ठरलेला रस्ता सोडून गाडी कधी दुसरीकडे गेली होती का?
- उद्या परत आला तर तुम्ही त्याला ठेवाल का?

शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. पलीकडचा माणूस ‘ठेवीन ना’ असं झटकन म्हणतो, की थांबून ‘आता तसं सांगणं कठीण आहे’ म्हणतो, यात पुष्कळ काही कळतं. फोनवर अडखळत असेल तर प्रत्यक्ष जाऊन भेटा. लेखी द्यायला लोक घाबरतात. चहा घेता घेता सांगतात.

तुमच्याकडे असा फोन आला तर खरं सांगा. जे घडलं, जे तुम्ही पाहिलं, जी तक्रार आली, तेवढंच. ऐकीव काही नको. पण ‘कशाला त्याच्या पोटावर पाय’ म्हणून गप्प राहिलात, तर तो पाय पुढच्या प्रवाशावर पडतो.

नोंद सापडली तर

लैंगिक गुन्हा, पोक्सो, अपहरण, मानवी तस्करी, अमली पदार्थांची विक्री, अवलंबून असलेल्या व्यक्तीला मारहाण यांत दोष सिद्ध झाला असेल तर विषय तिथेच संपतो. असलं प्रकरण प्रलंबित असेल तर निकाल लागेपर्यंत प्रवाशांजवळचं काम देऊ नका. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, हे कोर्टासाठी बरोबर आहे. पण तुमच्यापुढे प्रश्न शिक्षेचा नसून कुणाच्या हाती कोण द्यायचं याचा आहे.

दुसऱ्या टोकाला, मोर्चात रस्ता अडवल्याचा गुन्हा, बांधाच्या भांडणातली भाऊबंदकीची केस, दहा-बारा वर्षांपूर्वीची जुगाराची नोंद. यांवरून माणूस नाकारू नका. आपल्याकडे गावच्या एका भांडणात घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं फिर्यादीत घातली जातात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मधल्या प्रकरणांना वेळ द्या. बायकोने केलेली छळाची तक्रार, एक जुना अपघात, दारूची एक केस. अशा वेळी दोन-तीन जणांनी मिळून निर्णय घ्या, त्यात शक्यतो एक पालक आणि एक दिव्यांग व्यक्ती असू द्या, आणि कारण लिहून ठेवा. दारू आणि घरातला हिंसाचार यांबाबत मी कडक आहे. घरातल्या दुबळ्या माणसावर हात उगारणारा गाडीतल्या दुबळ्या माणसापुढे शांत राहील, यावर माझा विश्वास बसत नाही. वय १८ च्या आतल्या प्रकरणांच्या मागे मात्र लागू नका. बालन्याय कायदा २०१५ चा हेतूच असा आहे की त्यामुळे पुढच्या आयुष्याची दारं बंद होऊ नयेत.

गाडीवर बसवल्यानंतर

पहिले काही आठवडे अनुभवी माणूस बरोबर पाठवा. ड्रायव्हर आणि प्रवासी दोघंच गाडीत, असा प्रसंग शक्यतो येऊ देऊ नका. पहिलं मूल चढायच्या आधी मावशी गाडीत आणि शेवटचं उतरल्यावर मावशी खाली, असा रस्ता आखा. मावशीचं घर वाटेवर पडतं म्हणून तिला आधी सोडून देणं ही रोजची सवय आहे आणि नेमकी तीच मोडायला हवी. कोणाला कसं उचलायचं, पट्टा कोणी बांधायचा, कपड्यांना हात कधी लावायचा, हे प्रवाशागणिक लिहून ठेवा. बोलू शकणाऱ्या प्रवाशाला स्वतःला विचारूनच लिहा. स्पर्श करण्याआधी सांगायचं, ‘आता पट्टा बांधतो आहे’, हा नियम न बोलणाऱ्या मुलासाठीही पाळायचा.

गाडीवर त्या दिवशी कोण आहे, हे घरी कळलं पाहिजे. ड्रायव्हर आणि मावशीचा फोटो पालकांकडे आधीच देऊन ठेवा आणि फोटोतला माणूस दारात नसेल तर मूल देऊ नका, असं त्यांना सांगा. पोलीस प्रमाणपत्र दरवर्षी नवं घ्या, ई-कोर्ट्सचा शोध सहा महिन्यांनी पुन्हा करा. लायसनची मुदत कॅलेंडरवर टाका.

तक्रार आली तर

मूल गाडी पाहून अंग आक्रसतं, ठरावीक दिवशीच जेवत नाही, ठरावीक माणसाचं नाव घेतलं की ओरडतं, ही सुद्धा तक्रारच आहे असं समजून नोंदवा आणि त्या दिवसापासून त्या माणसाला त्या गाडीवरून बाजूला करा. चौकशी पुढे काहीही सांगो, बाजूला करायला थांबायचं नाही.

अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असेल तर ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा पोलीस ठाण्याला कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो’ याला इथे जागाच नाही. फोन ११२ किंवा चाइल्डलाइन १०९८. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि जीपीएसची नोंद त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा, नाहीतर काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. प्रशिक्षित माणूस एकदाच विचारेल.

प्रौढ दिव्यांग व्यक्तीबाबत अत्याचार, हिंसा किंवा शोषण झालं आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे कोणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर लैंगिक गुन्ह्यांत तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ठाण्यात ‘हिला बोलता येत नाही, फिर्याद कशी लिहू?’ असं कुणी म्हटलं तर हे कलम त्यांच्यापुढे ठेवा. आणि तुमच्या भागातल्या एका सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा आणि एका विशेष शिक्षकाचा नंबर आजच लिहून ठेवा, कारण फिर्यादीच्या रात्री तो शोधत बसायला वेळ नसतो.